बाबांचा पांढरा

नवरा गेल्यापासून एकोणपन्नासाव्या दिवशी, त्याच्या अस्थी कबरीत ठेवायच्या सकाळी, ओरिए पांढरा काचेचा करंडा पुसत होती आणि तो तिच्या हातात वाजला.

पडला नाही, कशावर आपटला नाही. झाकण चांदीच्या कडेवर हलकेच थरथरलं आणि डासाच्या गुणगुणण्याइतका बारीक सूर निघाला. ओरिएने हातातलं फडकं थांबवलं. बाहेर दारात तिची सावत्र मुलगी चिझुरू काकांना विचारत होती, "गाडी आत लावू की रस्त्याच्या कडेला?" तिचं बोलणं संपलं तसा सूरही संपला. मग काकांचा घोगरा आवाज आला. त्याला करंड्याने काही दाद दिली नाही. "बरं बरं, तिकडेच लावते," चिझुरू म्हणाली, आणि तो पुन्हा वाजला.

तीस वर्षं ओरिए हा करंडा रोज सकाळी पुसत आली होती. त्याच्यासमोर ती शिंकली होती, नवऱ्याशी भांडली होती, एका भूकंपात त्याला पोटाशी धरून टेबलाखाली बसली होती. कोणाच्याही आवाजाला तो असा उठला नव्हता. चिझुरू मात्र बापाच्या दुसऱ्या लग्नानंतर या खोलीत कधी आलीच नव्हती. बाप गेला तेव्हाही ती अंत्यविधीच्या सभागृहातून परस्पर सासरी, निइगाताला परत गेली. आता तिने पन्नाशी ओलांडली होती आणि तिचा आवाज थेट तिच्या आईसारखा, फुसाएसारखा झाला होता. ओरिएला तो आवाज चांगला ठाऊक होता, कारण फुसाए हयात असताना ती याच घराच्या मागच्या कारखान्यात वर्ख लावायच्या कामाला होती.

"माफ करा हं," ती करंड्याला म्हणाली आणि त्याला देव्हाऱ्यापुढे नवऱ्याच्या अस्थिकलशाशेजारी ठेवून दिलं. पुसताना माफी मागायची सवय तिला कधी लागली ते तिलाही आठवत नव्हतं.

सेइगो कुरामोचीचे करंडे म्हणजे जुनं लाखकाम काचेत उतरवलेलं. फुसाए लाखकाम करणाऱ्या घराण्यातली. जुन्या पडद्यांवरच्या बहरलेल्या फांद्या, वळणं घेत जाणारा ओढा, हे सगळं ती कागदावर काढून द्यायची आणि सेइगो ते तापल्या काचेवर सोन्याचांदीच्या वर्खात उतरवायचा. नाव झालं त्याचं. काळे करंडे, शेंदरी करंडे, हिरवे करंडे जगभर गेले. पांढरे त्याने एकाच हिवाळ्यात केले, फुसाए गेली त्याच्या पुढच्या. दिवसाउजेडी ते दुधासारखे दिसायचे, पण मागे दिवा धरला की आत विस्तव फुंकल्यासारखे तांबूस व्हायचे. तसा पांढरा त्याने पुन्हा कधी केला नाही आणि त्याची कृती कोणाला सांगितली नाही. मुलालासुद्धा नाही.

तो मुलगा, हिसाशी, काळा सूट घालून आत आला. लग्न न केलेला, भट्टीपाशी भाजून भाजून कपाळ कातड्यासारखं झालेला माणूस. त्याने उदबत्ती लावली, घंटा वाजवली, आणि हात जोडलेलेच ठेवून म्हणाला, "ओरिएसान, जरा आठवून बघा ना. शेवटी शेवटी काही बोलले असतील. पांढऱ्याबद्दल."

"एकोणपन्नास दिवस तू मला हेच विचारतोयस."

"वर्षश्राद्धाला स्मृतिप्रदर्शन आहे. येणारा प्रत्येकजण पांढरा शोधणार. मुलगा तोच साचा वापरतो, तीच फुंकणी, आणि त्याला बापाचा पांढरा जमत नाही, असं म्हणत जिना उतरणार. मी कथील घालून पाहिलं. गाईच्या हाडांची राख घालून पाहिली. दही फाटल्यासारखा येतो."

"ते मला कधी काच वितळवायची मूस भरताना जवळ उभं राहू देत नसत. मी वर्खाची बाई."

"तुम्ही बायको होतात."

"मग तुझ्या बहिणीला तेवढं सांग की," ओरिए म्हणाली.

आता हे सांगायला हवं, की ओरिएला या घरात एकच गोष्ट हवी होती. घर नको, करंडे नकोत. कबरीच्या दगडावर नवऱ्याच्या नावाशेजारी आपलं नाव हवं होतं, जिवंत बायकोचं कोरतात तसं, लाल रंगात. म्हणजे मेल्यावर कोणी वाद घालायला नको, कलश सरळ आत. फुसाए गेली तेव्हा सेइगोचं नाव असंच लाल रंगात तिच्याशेजारी कोरलं होतं. आता तो रंग खरवडून काढला होता आणि दगडावर डाव्या अंगाला बोटभर रुंदीची जागा मोकळी होती. ओरिएने ती जागा कितीदा तरी बघून ठेवली होती.

चिझुरू खोलीच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. आत आली नाही.

"आज पाथरवट येणार आहे ना?" तिने भावाला विचारलं. "मग आधीच सांगते, तिथे तिसरं नाव येणार नाही. आई आत आहे. तिच्या डोक्याशी तिची नोकरीतली बाई आणून ठेवायची नाही."

करंडा कुणकुणला. हिसाशीने चमकून देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"ताई, हळू बोल."

"का, बाबा उठतील?"

"चिझुरू," ओरिए म्हणाली, "मी तुझ्या आईच्या उशाशी येणार नाही. पायाशी ठेवा. आत जागा आहे."

"जागा बघूनही आलात? शाबास."

मासुकिची काका, सेइगोचा धाकटा भाऊ, मागून डोकावला. दोन्ही बाजूंना एकदम मान डोलवायची त्याची जुनी कला होती. "वहिनींचं बरोबर आहे. चिझुरूचंही बरोबर आहे. गुरुजी वाट बघतायत आणि माझ्या गुडघ्यांना ही थंडी सोसत नाही. चला."

"हिसाशी, तू कोणाच्या बाजूने?" चिझुरूने विचारलं.

हिसाशी ओरिएकडे बघत राहिला. तिला काहीतरी आठवेल ही आशा त्याने सोडली नव्हती, आणि आठवायला ती खुशीत असायला हवी होती. "मला वाटतं, नाव कोरायला हरकत नाही," तो म्हणाला.

चिझुरू वळली आणि एकटीच गाडीकडे गेली.

*

देवळामागचा डोंगर तांबड्या पानांनी भरला होता. चिझुरू कबरीसमोर सगळ्यांच्या एक पाऊल पुढे उभी राहिली. मोठी मुलगी म्हणून तिचा तो हक्कच होता, आणि ओरिएने पुढे येऊ नये हाही हेतू होता. हिसाशीने बापाचा कलश पांढऱ्या फडक्यात बांधून छातीशी धरला होता.

आईची हाडं चिझुरूने स्वतः वेचली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दहनानंतर लोखंडी पत्र्यावर आई पांढरी होऊन पडली होती, इतकी पांढरी की चिझुरूला रडूच आलं नाही. पायांपासून सुरुवात करून, काड्यांनी एकेक हाड उचलून सगळ्यांनी कलशात ठेवलं. शेवटी गळ्यातलं ते हाड, ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसणारं. ते बाबांनी ठेवलं. काड्यांत धरून बराच वेळ बघत राहिले होते. "काय स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. तिला तेव्हा ते दुःख वाटलं होतं.

पाथरवटाने घराण्याचे सगळे कलश ठेवायच्या खणाची पुढची शिळा सारली. आतून ओल्या मातीचा गार वास आला. "जुन्यांचं पाणी काढून घेतो," तो म्हणाला. दगडाखाली कलशांत पाणी साठतंच, त्यात कोणाला काही नवल नव्हतं. त्याने आजोबांचा कलश बाहेर काढला, झाकण हाताने दाबून तिरपा केला, मातकट पाणी गवतात ओतलं. आत हाडं खळखळली. आजीचा कलशही तसाच. मग फुसाएचा.

त्याने तो जरासा तिरपा केला तेव्हा आत एकच टक आवाज झाला.

पाथरवटाने कलश सरळ केला, पुन्हा तिरपा केला. टक. तो गुरुजींकडे बघायला लागला.

"काय झालं?" चिझुरू म्हणाली.

"बाई, तुम्हीच बघा."

तिने झाकण काढलं. आत पाणी होतं, पण इतरांसारखं गढूळ नव्हतं. झऱ्याचं भरून ठेवावं तसं नितळ होतं. तळाशी गळ्यातलं ते एक हाड हात जोडून बसलं होतं. बाकी काही नव्हतं. राखेचा कणसुद्धा नव्हता.

गुरुजींनी माळ चाचपली. चिझुरू सावकाश मागे वळली आणि तिची नजर नेमकी जिथे जायची तिथे गेली.

"कुठे टाकलीत तिला?"

"मी?" ओरिए म्हणाली.

"तुम्हाला जागा हवी होती ना आत? केलीत जागा?"

"अगं, हा दगड माझ्याने हलेल का?"

"माणसं लावून हलतो."

हिसाशीही ओरिएकडे बघत होता. सकाळचा तिचा कैवार कुठल्या कुठे गेला होता. "ओरिएसान," तो म्हणाला, "खरं सांगा. मी रागावणार नाही."

ओरिएचा चेहरा उतरला. ती पोरकी दिसत होती, आणि चिझुरूला त्याचं क्षणभर बरंही वाटलं. तेवढ्यात काका मटकन शेजारच्या कबरीच्या पायरीवर बसला.

"वहिनींना नका बोलू," तो म्हणाला. "दादा घेऊन गेला होता."

"काय?"

"फुसाएवहिनी गेल्या त्याच्या पुढच्या हेमंतात. मला म्हणाला, गाडी काढ. वहिनींना दमा होता ना, ओल सोसायची नाही. म्हणाला, कबरीत पाणी झालं असेल, तिला घरी नेऊन वाळवतो आणि परत आणतो. दगड आम्ही दोघांनीच सारला. वसंतात परत ठेवायलाही मीच होतो. कलश टॉवेलात गुंडाळलेला. मी कशाला उघडून बघू? भावाची बायको ती."

"हिवाळाभर ती घरी होती?" चिझुरू म्हणाली. "मीही घरी होते तेव्हा. माझं लग्न ठरत होतं. मला कुठे दिसली नाही ती."

"कारखान्यात होती," काका म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्यालाच उशिरा कळलं.

*

हिसाशीला ते एकदम कळलं नाही. आधी त्याचे ओठ कोरडे पडले, आणि फुंकणीच्या लोखंडाची चव तोंडात आली.

त्या हिवाळ्यात तो वीस वर्षांचा होता. बापाचा खांदा आखडला होता म्हणून फुंकायचं काम त्याच्याकडे आलं. मूस बापाने स्वतः भरली होती. खलबत्त्याचा आवाज तो कितीतरी दिवस दाराबाहेरून ऐकत होता, आणि विचारलं तर बाप म्हणायचा, "बैलाची हाडं आहेत." मूस उघडली तेव्हा सबंध कारखाना उजळला. हिसाशीने फुंकणीच्या टोकावर पांढरा गोळा घेतला, साच्यात सोडला आणि गाल फुगवले. बाप त्याच्या कानाशी उभा होता.

"हळू," तो म्हणाला होता. "हळू फुंक. तिला जोराचा वारा सोसत नाही."

हिसाशीने हळू फुंकलं होतं. काच कधी नव्हे इतकी मऊ, आज्ञाधारक होती, साच्याच्या कानाकोपऱ्यात आपण होऊन पसरत होती. ओरिए पलीकडे ओलं कापड आणि वर्ख घेऊन उभी होती. बापाच्या डोळ्यांत पाणी होतं. भट्टीच्या धगीने आलं असेल असं वाटून हिसाशीने त्याला पाणी आणून दिलं होतं.

"राख," तो आता मोठ्याने म्हणाला. "हाडांच्या राखेने काच पांढरी होते."

चिझुरूने तोंडावर हात ठेवला. ओरिए मात्र त्याच्याकडे कारागिराच्या नजरेने बघत होती. वर्खाची बाई असली तरी ती त्या भट्टीपाशी वाढली होती.

"देव्हाऱ्यातला करंडा," चिझुरू म्हणाली. "तो आई आहे? तो आपण सगळा आत ठेवू. आत्ताच्या आत्ता घेऊन येते. मावत नसेल तर फोडून ठेवू."

"चिझुरू," ओरिए म्हणाली, "एका करंड्यासाठी कोणी मूस भरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मूस रिकामी होईपर्यंत फुंकावंच लागतं. काच आत ठेवून मूस गार केली तर तडकते."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"विकले," हिसाशी म्हणाला. "ओसाकाला गेले, युरोपात गेले. अमेरिकेत एका बाईने तीन घेतले होते. आणि एक लहान तुला दिला."

चिझुरूला आधार घ्यायला दगडाशिवाय काही नव्हतं. तिने दगड धरला. लग्नात बापाने तिला फक्त तो मुठीएवढा पांढरा करंडा दिला होता. कडेला बुडबुडा राहिलेला, म्हणजे विकता न येणारा. उरलंसुरलं दिलं म्हणून ती वर्षानुवर्षं माहेरावर तोंडसुख घेत आली होती. तरीही फेकवला नाही. दोन्ही मुलं झाल्यावर त्यांच्या वाळलेल्या नाळा रिवाजाप्रमाणे जपून ठेवायला दुसरं काही चांगलं मिळेना, म्हणून त्या त्यातच ठेवल्या. रात्री मूल रडायला लागलं की कपाटातून काहीतरी कुणकुणायचं. नवरा म्हणायचा, उंदीर असेल.

ती ओरिएकडे बघून म्हणाली, "मी तुम्हाला काय काय बोलले."

"राहू दे ते."

"तुम्ही रोज पुसत होतात का तिला?"

"रोज," ओरिए म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. चिझुरूने तिचा हात धरला. दोघींनी एकमेकींना शिवायची ही पहिलीच वेळ होती.

गुरुजी खाकरले. "जे आहे ते परत ठेवू आणि सेइगोसानांचं उरकून घेऊ. मंत्र म्हणतो मी. हिसाशीसान, कलश द्या."

पाथरवटाने दोन्ही हात पुढे केले. हिसाशीने कलश दिला नाही.

तो कलश त्याच्या छातीशी होता आणि अजून नवा होता. त्यात पाणी शिरलेलं नव्हतं. चालताना आत हाडं एकमेकांवर घासल्याचा कोरडा आवाज येत होता, तो त्याला सकाळपासून ऐकू येत होता, पण आता तो नीट लक्ष देऊन ऐकत होता. माणसाची. बैलाची नव्हे, गाईची नव्हे. एवढी साधी गोष्ट, आणि त्याने अर्धा जन्म कथिलात घालवला. बापाने ती सांगितली नाही याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला हलकं वाटत होतं. बाप सांगणार तरी कसा होता?

"आज नको," तो म्हणाला.

"काय?"

"कबर ओली आहे. ताई, पाणी तूच पाहिलंस. बाबांना असं पाण्यात ठेवायचं? घरी नेतो. वर्षश्राद्धाला ठेवू."

"काही हरकत नाही," गुरुजी म्हणाले. "पुष्कळजण वर्षाने ठेवतात."

"मग उत्तम," काका म्हणाला. विषय मिटला याचंच त्याला हायसं वाटलं.

चिझुरू भावाकडे बघत होती. तो अगदी शांत होता, अदबीने बोलत होता, आणि ओल हा शब्द तिने त्या दुपारी दुसऱ्यांदा ऐकला होता. "हिसाशी," ती म्हणाली, "बाबांना आत ठेव."

"घाई काय आहे?"

"प्रदर्शन कधी आहे तुझं? वर्षश्राद्धालाच ना?"

"त्याच्यानंतर ठेवू."

"काय ठेवशील त्याच्यानंतर?"

हिसाशी ओरिएकडे वळला. "ओरिएसान, तुम्ही बायको आहात. तुम्ही म्हणाल तसं. पाथरवट आहेच इथे. तुमचं नाव आजच कोरून घेऊ, लाल रंगात, अगदी बाबांच्या शेजारी. बाबांना आपण फक्त थोडे दिवस घरी ठेवू."

"नाव मीही कोरू देते," चिझुरू घाईने म्हणाली. "माझी काही हरकत नाही. आत्ताच कोरा. पण त्यांना आत जाऊ दे."

तीस वर्षं कोणी देत नव्हतं ते दोघंही एकदम देऊ करत होते. ओरिए दगडाकडे बघत राहिली. ती मोकळी जागा होती तिथेच होती. पाथरवटाने खिशातून पेन्सिल काढली आणि नाव कुठल्या अक्षरांत लिहायचं ते विचारलं.

"नंतर बघू," ओरिए म्हणाली. "नवरा घरी चाललाय, तर मीही घरी जाते."

हिसाशीने समाधानाने मान लववली. फुसाएचा कलश चिझुरूने आत जाऊ दिला नाही. पाणी ओतून टाकलं, झाकण लावलं आणि स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवला. तिला कोणी अडवलं नाही.

*

परतताना कलश विधवेच्या मांडीवर असतो. ओरिए हिसाशीच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. काका देवळातच राहिला, गुरुजींबरोबर चहा घ्यायला. चिझुरूची गाडी मागे होती.

ओरिए कलश घेऊन निघाली ती एवढ्याचसाठी, की तो निदान हिसाशीच्या हातात नसावा. पुढे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. घरी जेवणाचे डबे आलेले असतील, ते वाढायला हवेत. मग चिझुरू निघून जाईल, आणि त्या घरात दोघंच उरतील, ती आणि हिसाशी. आणि मागे कारखाना.

उतार सुरू झाला. हिसाशी गाडी फार सांभाळून चालवत होता. खड्डा आला की वेग अगदी कमी करायचा आणि कलशाकडे बघायचा. मग त्याने हीटर वाढवला.

"आई," तो म्हणाला, "थंडी वाजत नाही ना?"

ओरिएला आधी वाटलं, तो फुसाएशी बोलतोय. मग त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हसला. ती लग्न होऊन या घरात आल्यापासून त्याने तिला आई म्हटलं नव्हतं. तिने सुरुवातीला वाट पाहिली होती, नंतर वाट पाहणं सोडून दिलं होतं. आज त्याने ते इतक्या मायेने म्हटलं की तिने कलश स्वतःकडे ओढून घेतला.

"नाही," ती म्हणाली.

"हात गार पडलेत तुमचे. बघू." त्याने एक हात स्टीअरिंगवरून काढून तिचं मनगट धरलं, अंगठ्याने हाडाची गाठ हलकेच चाचपली, आणि सोडून दिलं. "जपायला हवं तुम्हाला आता. तुमच्याशिवाय मला आहे कोण?"

गेल्या हिवाळ्यात सेइगोने अगदी असंच केलं होतं. ती चहा घेऊन गेली होती. त्याने तिचं मनगट धरून खिडकीच्या उजेडात वळवलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "तुझा जरा पिवळसर येईल." तिला वाटलं, म्हातारा चहाबद्दल बोलतोय. तिने तो परत नेऊन पातळ करून आणला होता.

"गाडी थांबव," ओरिए म्हणाली.

"का? काही विसरलात?"

"हो. थांबव."

त्याने कडेला घेतली. सांगितलेलं तो लगेच ऐकायचा, लहानपणापासून. ओरिएने पट्टा सोडला, कलश छातीशी घट्ट धरला आणि खाली उतरली. "आई, तो ठेवा इथे, मी धरतो," हिसाशी आतून म्हणाला. तिने दार पायाने लोटून बंद केलं.

चिझुरूची गाडी मागे येऊन थांबली होती. ओरिए उतारावरून उलट दिशेने चालत गेली. तिच्या पायांत विधीच्या पांढऱ्या मोज्यांवरचे सपाट जोडे होते, पानांवरून घसरत होते, आणि कलशात सेइगो प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. चिझुरूने काच खाली केली.

"निइगाताला मला नेशील?" ओरिए म्हणाली. "ह्यांच्यासकट."

चिझुरूने पुढे रस्त्यावर पाहिलं. हिसाशी गाडीतून उतरून उभा होता. दोन्ही हात पोटापाशी जोडून, पाहुण्यांना निरोप द्यायला थांबतात तसा.

"तुमचं सामान?"

"काही नको."

शेजारच्या सीटवर फुसाएचा कलश पट्टा लावून ठेवला होता. चिझुरूने वाकून तो पट्टा सोडला.

"आईला मागे ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही पुढे बसा."

ओरिए बसली. चिझुरूने तिच्या अंगावरून हात नेऊन तिचा पट्टा लावला, सेइगोला मध्ये घेऊन. गाडी हिसाशीच्या समोरून गेली तेव्हा तो वाकला, नीट कमरेतून. दोघींनी मान वळवली नाही.

थोडं पुढे गेल्यावर चिझुरूने आरशात पाहिलं. तो मागून येत होता. अंतर ठेवून, दिवे लावून, सावकाश. घरी जायला त्यालाही हाच रस्ता होता, म्हणून ती तशीच चालवत राहिली. पूल आला, पेट्रोल पंप आला, कारखान्याची चिमणी झाडांवरून दिसायला लागली.

मग घराकडे वळायचा फाटा आला. हिसाशीची गाडी वळली नाही.